कुरुंद्याच्या हळदीत उतरलेली कुपी

सांगलीहून हिंगोलीला कोणी सहज फिरायला जात नाही. मीही गेलो नव्हतो. मी गेलो ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे.

सुमनताई एकाहत्तर वर्षांची आहे. मुलींच्या शाळेत तिने जन्मभर भूगोल शिकवला. पृथ्वी गोल आहे हे इतक्या मुलींना सांगितलं, पण आपण ते डोळ्यांनी पाहिलं नाही, ही तिची जुनी रुखरुख. गेल्या वर्षी एका खासगी कंपनीने जाहीर केलं, की प्रचंड मोठ्या फुग्याला टांगलेल्या बंद कुपीत बसवून आम्ही सामान्य माणसांना तीस किलोमीटर वर, 'अंतराळाच्या उंबरठ्यावर' नेऊन आणणार. ताईने मला न विचारता नाव नोंदवलं.

तीस किलोमीटरला अंतराळ म्हणत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. "त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत," ती म्हणाली. "तिथून पृथ्वीची कड वाकलेली दिसते आणि भर दिवसा आभाळ काळं दिसतं. मला तेवढं पुरे आहे."

मी सरकारी नोकरीत लिफ्ट तपासनीस होतो. माणसांना वर नेणाऱ्या कुठल्याही वस्तूवर माझा चटकन विश्वास बसत नाही. ताई यावरून मला नेहमी चिडवते, की जन्मभर लिफ्ट तपासल्यास, पण राहायला घर घेतलंस ते तळमजल्यावर. तिचं खरं आहे. पण लिफ्टमध्ये माणूस जायबंदी होतो तो बहुतेक वेळा मध्येच कुठेतरी नाही, दाराशी होतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. कंपनीने विनामाणूस चाचणी घेतली होती आणि तिची चित्रफीत ताईला पाठवली होती. कुपी हवाई छत्रीला लटकत हिरव्या शेतावर सावकाश उतरते, आणि ती टेकायच्या आतच चित्रफीत संपते. खाली एवढंच लिहिलेलं, 'हिंगोली जिल्ह्यात सुखरूप अवतरण'. मी ती पुन्हा पुन्हा पाहिली. टेकल्यावर काय झालं, ते कुठेच नव्हतं.

"जाऊन बघून ये," शेवटी ताई म्हणाली. "पण जे दिसेल तेवढंच सांगायचं. तुझी भीती त्यात कालवायची नाही."

कनेरगाव नाका

कंपनीचा तळ हिंगोली-वाशिम रस्त्यावर, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे आहे. हिंगोलीहून काळीपिवळीने गेलो. आमच्याकडे ज्याला वडाप म्हणतात तीच ही जीप, फक्त इथे चालकाच्या उजव्या बाजूलाही एक माणूस बसवतात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. दोन्हीकडे हरभरा काढून रिकामी झालेली रानं होती. मधूनच गव्हाचा एखादा पिवळा तुकडा. माती आमच्यासारखीच काळी, पण शेत आमच्याहून लांबरुंद. इतकं मोकळं आभाळ पाहून मला वाटलं, फुगा सोडायला जागा तरी बरी निवडली आहे.

तळ म्हणजे तारेचं कुंपण, एक मोठी पत्र्याची शेड आणि रंगीत फलक. फाटकावर माझा फोन बाहेर पडेपर्यंत ठेवून घेतला. आत तन्वी नावाच्या तरुण मॅडमने शहाळं दिलं, आणि 'सर, सर' करत नमुन्याची कुपी दाखवली. पांढरी, गोल, आत सहा खुर्च्या, प्रत्येकीसमोर गोल खिडकी. सुरेख होती, हे कबूल करतो. ताई त्या खिडकीशी बसलेली मला क्षणभर दिसलीसुद्धा.

मी दाराशी गेलो. "हे आतून उघडतं?"

"दोन्ही बाजूंनी, सर."

"उघडून बघू?"

"सर, डेमोला हात नका लावू प्लीज."

"चाचणीतली कुपी कुठे आहे?"

"ती पुढच्या अभ्यासासाठी पाठवली आहे."

"उतरली कुठे होती?"

"हिंगोली जिल्ह्यातच. अगदी अलगद उतरली, सर. नेमकी जागा आम्ही सांगत नाही. शेतकऱ्यांना उगाच त्रास होतो."

मुलगी खोटारडी वाटली नाही. तिला जेवढं सांगितलं होतं तेवढं ती सांगत होती, आणि मला अशीच माणसं जास्त घाबरवतात.

समोरच्या ढाब्यावर जेवलो. ज्वारीची भाकरी, येसराची म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि भरलं वांगं. आमटी अशी खमंग, की मी दोनदा मागितली. वांग्याच्या बाबतीत मात्र कृष्णाकाठच्या माणसाला कोणी काही शिकवू नये. ढाब्याचे मालक शेषराव माझ्याकडे बराच वेळ पाहत होते. मग समोर येऊन बसले.

"जमीन बघून राहिले का?"

"नाही."

"मंग कंपनीत काहून गेलते?"

मी ताईचं सांगितलं. त्यांना ते पटलं नसावं, पण एकाहत्तर वर्षांची बाई फुग्यात बसणार याची त्यांना गंमत वाटली. आवाज खाली आणून ते म्हणाले, "फुगा म्या बघितला ना. सकाळी सोडला, औंढ्याच्या अंगानं गेला. अलगद उतरला म्हंते ती पोरगी, व्हय? दुसऱ्या दिवशी ट्रक वापस आला, हितं चहाला थांबला. वर ताडपत्री. एक बाजू उडून राहिली होती. खाली पांढऱ्या पत्र्याचे तुकडे होते, साहेब. तोडलेले. डायवर म्हणे, कुरुंद्याहून आणलं."

औंढा नागनाथ

कुरुंद्याला जाण्याआधी एक मुक्काम औंढ्याला केला. नागनाथाचं दर्शन घेतलं. गाभारा तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून, जवळजवळ बसूनच उतरावं लागतं. खाली माणसं दाटीने बसलेली, हवा गरम, आणि बाहेर पडायची वाट ती एकच. देवाच्या दारी असे विचार येऊ नयेत, पण मी नमस्कार करता करता माणसं मोजली, आणि चटकन वर आलो.

लॉजच्या मालकांकडे कंपनीची चौकशी केली. "ते सरकारचंच हाय ना?" ते म्हणाले. औंढ्याजवळ सरकारचं विज्ञानाचं एक मोठं काम चालू आहे आणि गावाला त्याचा अभिमान आहे. फुगा त्यातलाच, असं सगळेच धरून चालले होते. कंपनीने तसं सांगितलं का, असं मी विचारलं. "सांगितलं न्हाई. पण न्हाई असंबी म्हनले न्हाईत."

कुरुंदा

कुरुंद्यात शिरायच्या आधी वास आला. शिजणाऱ्या हळदीचा तो ओला, मातकट, जरासा कडू वास मला आपला वाटला. सांगलीत आमचं बालपण हळदीच्या पेठेत गेलं, पण तिथे हळद येते ती वाळून, पोत्यात भरून. तिला अशी वाफाळताना मी पहिल्यांदा पाहत होतो. रस्त्याकडेच्या शेतांत लोखंडी कुकर धडधडत होते, आणि शिजलेली हळद जमिनीवर पसरून ठेवली होती.

चहाच्या टपरीवर विचारलं, "फुगा कुठे पडला होता?"

चौघे होते. चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं. "कोनता फुगा?" एकजण म्हणाला.

मी कंपनीचा माणूस नाही, असं सांगितल्यावर तर ते उठायलाच लागले; मला पोलीस किंवा पत्रकार समजले असावेत. चहावाल्यानेच शेवटी मान हलवून रस्त्यापलीकडचं वेल्डिंगचं दुकान दाखवलं. "मुस्तफाभाईला विचारा. त्यानंच कापलं ते."

मुस्तफाभाई पन्नाशीचे, अंगाने बारीक. त्यांचा मुख्य धंदा हळदीचे कुकर बांधण्याचा आणि दुरुस्तीचा. मी नमस्कार करून आपलं येण्याचं कारण सांगितलं. ते हातातलं काम करत राहिले. "मला काय मालूम न्हाई," एवढंच म्हणाले.

मी निघणार होतो. पण दारात दुरुस्तीला आलेला एक कुकर उभा होता, आणि जुनी सवय जात नाही. मी वाकून पाहिलं. वाफ जास्त झाली तर ती सोडून देणारी झडप कोणीतरी तारेने आवळून टाकली होती.

"हे कोणी केलं?" मी विचारलं. "हा फुटला असता."

मुस्तफाभाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "मालकानं. वाफ वाया जाते म्हनून. त्याच्यासाठीच आनलाय मी तो हितं, जबरदस्तीनं." मग हात पुसले आणि स्टूल सरकवलं. "बसा. तुमी कंपनीचे न्हाई. त्यांच्यातलं एकबी मानूस असं वाकून बघत न्हवतं."

मग त्यांनी सांगितलं. संक्रांत होऊन गेली होती. हळद उभी होती, रान ओलं होतं. कुपी कौसाबाई नावाच्या बाईच्या शेतात उतरली. कुपीचा एक पाय वाफ्यात रुतला, ती कलंडली आणि दाराची चौकट पिळवटली. कंपनीची माणसं दोन-अडीच तासांनी पोचली. त्यांनाही दार उघडेना. मग मुस्तफाभाईंना बोलावलं.

"आतून उघडायची मूठ होती. मी दार कापल्यावर फिरवून बघितली. मूठ फिरत होती बराबर, पर कडी हलत न्हवती. चौकटीत दबून बसलेली. बाहेरून तर धरायलाच काय न्हवतं."

"आतमध्ये?"

"पुतळा. रबराचा. मानसाएवढा, सूट घातलेला. त्यांनी भवताली कनात लावली होती, लोकांनी बघू नये म्हनून. पुतळा पांढऱ्या कपड्यात गुंडाळून नेला. मंग म्हनले, आता ह्या डब्याचेबी तुकडे कर, ट्रकात बसत न्हाई." मग ते म्हणाले, "साहेब, तुमी कौसाबाईला भेटा. तिला वाटतंय आत मानूस होतं. मी तिला समजावून दमलो. कंपनीचं काम केलं म्हनून मीबी लपवून राहिलो, असं तिचं म्हननं. पंधरा वर्सं तिचा कुकर मीच बघतो. ह्या साली तिनं वसमतहून मिस्त्री आनला."

कौसाबाईंचं शेत गावापासून चालत अर्ध्या तासावर होतं. साठीच्या बाई, कासोट्याचं लुगडं, डोक्याला फडकं. सून कुकरपाशी होती आणि बाई पसरलेली हळद हाताने सारखी करत होत्या. माझ्या हातात कागद-पेन नाही हे त्यांनी आधी पाहून घेतलं. मी ताईचं नाव सांगितलं, ती वर जाणार आहे असं सांगितलं, आणि त्या हातातली हळद तशीच ठेवून उभ्या राहिल्या.

"तुमची सख्खी बहीन?"

"सख्खी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं."

त्यांनी मला बांधावर बसवलं. सुनेला पाणी आणायला सांगितलं. जागा दाखवली. हळद काढून झाली होती, तिथे आता काही नव्हतं, फक्त एका ठिकाणी माती दबलेली होती.

"म्या एकलीच होते," त्या म्हणाल्या. "सून माहेरी गेलती. वरून ते आलं तवा भ्याले, बाभळीखाली पळाले. मंग आवाज आला. बाईमानसाचा. आतून बोलून राहिली होती."

"आतून?"

"व्हय. इंग्रजीत का कशात. मला समजंना. पन बाई होती. म्या खिडकीतून बघितलं तर टोपीवालं, पांढरं कोनतरी खुर्चीत, मान अशी एका अंगाला. म्या म्हनलं, घाबरू नको माय, काढते मी तुला. दार कुठं धरावं तेबी कळंना. धोंडा घेतला आन मारत सुटले. कुदळ मारली. ती आपली बोलूनच राहिली. त्याच त्या सुरात. माझे हात सोलले. मानसं जमली तवर तिचा आवाज बारीक झाला आन मंग बंद झाला."

सून खाली बघत होती. ही गोष्ट तिने पुष्कळदा ऐकली असावी.

"मंग कंपनीवाले आले. एकजन हसला. म्हने, आजी, ती बाहुली हाय. मंग कनात काहून लावली? पांढऱ्या कपड्यात काहून गुंडाळली? बाहुली बोलती व्हय?" त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमी शिकलेले. खरं सांगा. माझ्या रानात कोन मेलं?"

मला उत्तर येत होतं असं वाटलं, पण नुसतं सांगून उपयोग नव्हता. मुस्तफाभाईंनी सांगून झालं होतं. ते पोचले तेव्हा आतला आवाज थांबलेला होता. त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता, त्यामुळे त्याचा खुलासा त्यांच्याकडे नव्हता. माझ्याकडे होता. कंपनीने ताईला सरावासाठी कुपीतल्या सूचनांचं ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. महिनाभर रोज सकाळी ती ते लावून खुर्चीत पाठ टेकून बसायची. मी ते स्वयंपाकघरातून ऐकून कंटाळलो होतो. इंग्रजी बोलणारी बाई, एकाच सुरात.

मी ताईला फोन लावला. काय घडलं ते थोडक्यात सांगितलं आणि म्हणालो, "उतरल्यानंतरची सूचना आहे ना, ती लाव. फोनजवळ धर."

थोडी खुडबुड ऐकू आली. मी फोनचा आवाज वाढवून तो कौसाबाईंच्या पुढे धरला. शेतात ती बाई बोलू लागली, गोड, संथ.

कौसाबाईंनी तीन-चार शब्द ऐकले असतील. त्यांचा हात तोंडावर गेला. "हीच," त्या म्हणाल्या. "हीच ती."

"ही मशीनमध्ये भरलेली आहे, बाई. ही आमच्या घरात रोज बोलते. आत कोणी नव्हतं. पुतळाच होता."

सूचना संपली आणि आपोआप पुन्हा सुरू झाली. त्यांनी ती दुसऱ्यांदा पूर्ण ऐकली. मग तिसऱ्यांदा. मग त्या खाली बसल्या, हळदीतच, आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. सून त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मी दुसरीकडे पाहिलं.

काही वेळाने त्यांनीच फोन मागितला. "ताई," त्या म्हणाल्या, "ही काय म्हनती वो? एवढा येळ मला बोलत होती. काय म्हनत होती?"

ताईचा आवाज मला ऐकू येत होता. वर्गात मुलींना सांगायची तसं ती सावकाश सांगत होती. "ती म्हणते, आपण सुखरूप उतरलो आहोत. जागेवर शांत बसा. पट्टा सोडू नका. आमचा माणूस बाहेर उभा आहे. तो दार उघडेल."

कौसाबाई फोनकडे पाहत राहिल्या.

"बाहेर तर मीच होते," त्या म्हणाल्या.

कुकरची वाफ सुटली, सुनेने जाऊन जाळ कमी केला. मग पलीकडून ताई म्हणाली, "हाताला फार लागलं होतं का हो?"

त्या दोघी मग बोलत राहिल्या. मी उठून बांधाने थोडा पुढे गेलो. मी सांगलीहून निघालो तेव्हा, काहीतरी खोट सापडावी अशी माझी मनातून इच्छा होती. ती सापडली होती, आणि मला त्याचा आनंद होत नव्हता. चाचणीत दार अडकलं याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. चाचणी असते ती दोष दिसावा म्हणूनच. पण त्यांनी दोषाचे तुकडे करून ताडपत्रीखाली नेले, आणि एका बाईला हसून, तिच्या शेतात एक मेलेलं माणूस सोडून गेले. लिफ्टच्या तपासणीत मी कागद पाहायचो, दोर पाहायचो, दार पाहायचो. बाहेर कोण उभं असेल, याचा रकाना माझ्या फॉर्मातही नव्हता.

संध्याकाळी कौसाबाईंनी सुनेला गावात पाठवून मुस्तफाभाईंना बोलावून घेतलं. ते आले, दूर बांधावरच उभे राहिले.

"भाऊ, ते रबराचंच होतं म्हनं," त्या म्हणाल्या.

"रबराचंच होतं, मावशी."

"तू तवाच काहून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं. चार बार सांगितलं."

"त्या बाईचं बोलनं काय होतं, ते सांगितलं न्हाईस."

"ते मला मालूम न्हवतं."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "वसमतच्या मिस्त्र्यानं झाकन नीट बसवलं न्हाई. वाफ लई जाती. बघतो का जरा?" मुस्तफाभाई चपला काढून कुकरपाशी गेले. त्यांच्यामागे मीही गेलो, कारण झाकण खरोखरच तिरकं बसलं होतं. आम्ही दोघांनी मिळून ते काढून नीट बसवलं. सुनेने धपाटे आणि दही आणलं. आमच्याकडच्या थालिपिठाहून हे धपाटे पातळ, आणि इथल्या ताज्या हळदीने इतके पिवळे, की बोटं दुसऱ्या दिवशीही रंगलेली होती.

मी परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईने आपलं नाव काढून घेतलं. कंपनीला तिने पत्रही लिहिलं. कुरुंद्यात काय झालं ते त्यात सरळ सांगितलं, कौसाबाईंची माफी मागायला सुचवलं, आणि दार दुरुस्त करून सगळ्यांसमोर चाचणी घ्या, असं लिहिलं. उत्तर आलं ते छापील होतं. आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत, एवढाच त्याचा अर्थ.

"सुटलीस," मी म्हणालो.

"सुटले कसली," ताई म्हणाली. "मला अजून जायचंच आहे. कोणीतरी दाराचा विचार केलेली कुपी बनवेलच कधीतरी. तोवर मी ठणठणीत राहिले पाहिजे, एवढंच." आणि ती फिरायला बाहेर पडली.